‘आम्ही’ म्हणाला म्हणून

मार्चच्या शेवटी इथं इंग्लंडमध्ये घड्याळं तासभर पुढं करायची असतात. लोक त्या गेलेल्या तासाच्या झोपेबद्दल आठवडाभर कुरकुरतात. मी कुरकुरत नाही. मी चिडते, आणि ते एप्रिल संपेपर्यंत पुरतं.

परवाचीच गोष्ट. ऑफिस सुटलं, बाहेर अजून लख्ख उजेड. मिल्टन कीन्समध्ये घरी जायचं म्हणजे एका राउंडअबाउटमधून सुटून दुसऱ्यात अडकायचं; प्रत्येकाच्या मधोमध कौन्सिलचे डॅफोडिल्स माना हलवत उभे. गाडीत रेडिओ लावला तर फुटबॉलचा फोन-इन, श्रोते फोन करून भांडतात तो. कुठल्याशा क्लबचा मॅनेजर दुसरीकडं जाणार अशी आवई उठलेली. एक गृहस्थ घसा ताणून विचारत होते, लॉयल्टी कुठं गेली? आम्ही एवढं प्रेम केलं त्याचं काय? त्यांचं खरं की मॅनेजरचं, मला माहीत नाही. पण तो शब्द, तोही एप्रिलच्या उजेडात, कानावर पडला आणि माझी एक्झिट चुकली. त्याच राउंडअबाउटला मी आणखी दोन चकरा मारल्या. एका चकरेत राग मावेना.

आमच्या कॉलेजचं मैदान एप्रिलमध्येच काय ते मैदानासारखं दिसायचं. हिवाळाभर तिथं नुसता चिखल. मग वारं सुटायचं, चिखल वाळायचा आणि बुटांच्या खिळ्यांची भोकं तशीच राहून जमिनीची चाळण व्हायची. गोलपुढचं गवत गेलेलं, तिथं टक्कल. नव्या मारलेल्या चुन्याच्या रेघा, पिंडऱ्यांना चोळलेल्या मलमाचा झणझणीत वास, मध्यंतराला कापलेल्या संत्र्यांच्या फोडी आणि त्यांची सालं गोळा करायला कुणीच नाही. लेस्टरपासून बसनं जायच्या अंतरावरचं ते छोटं कॉलेज. त्याचं नाव मी लिहीत नाही. आमच्या घराण्यातली पहिली डिग्री त्यानं मला दिली, तेवढी लाज राखते. पहिली डिग्री हे मात्र मी लपवत नाही. आजोबा अंगठा उठवायचे, माझे वडील, अण्णा, सातवीतून शाळा सोडून बाहेर पडले आणि मी कॉम्प्युटरची डिग्री घेतली. विचारलं नाही तरी सांगते.

या देशातल्या कॉलेजांना बुधवारी दुपारी तास नसतात, खेळ असतात. त्यामुळं आमचे प्रेक्षक कोण, तर बुधवारी दुपारी मोकळा असणारा माणूस. म्हणजे विद्यार्थी, आणि होजिअरीच्या फॅक्टरीत रात्रपाळी करणारे. अण्णा सकाळी येऊन झोपायचे, दुपारी उठून डोळे चोळत बस पकडायचे आणि टचलाइनवर उभं राहून डब्यातली चपाती-भाजी खायचे. समोरच्या संघानं फाउल केला की तोंडात घास असतानाच ओरडायचे.

अण्णा कोल्हापूरचे. तिथला फुटबॉल काय असतो हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. पेठेपेठेची तालीम, तालमीचा संघ, आणि माणूस ज्या पेठेत जन्मला त्या पेठेचा. एकजण तालीम बदलून पलीकडच्या पेठेकडून खेळला, तर अण्णांच्या चुलत्यानं पुढं स्वतःच्या पोरीच्या लग्नाचं आवतण त्याच्या घरी दिलं नाही. अण्णा ही गोष्ट अभिमानानं सांगायचे. मला लहानपणी ती आवडायचीही.

आणि डॉक्टर केळकर. पुण्याचे, इथल्या हॉस्पिटलात हाडांचे डॉक्टर, बुधवारी त्यांची अर्धी सुट्टी. त्यांचा पराग आमचा लेफ्ट बॅक. डॉक्टर फोल्डिंगची खुर्ची घेऊन यायचे, गुडघ्यावर शाल टाकायचे आणि खेळाडूंच्या पायांपेक्षा आमच्या तोंडांकडं जास्त लक्ष ठेवायचे.

“बस चुकली, धावत आलो,” मी एकदा धापा टाकत म्हणाले.

“आले,” डॉक्टर म्हणाले.

“कोण आलं?”

“तू. आलो नाही, आले. मुलगी आहेस ना?”

कोल्हापूरच्या बायका ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. माझी आई अजून बोलते. लिहिताना मी ‘आले’ लिहिते, कारण शाळेनं तसं शिकवलं. पण धाप लागलेल्या माणसाला कुणी व्याकरण विचारतं का?

आता सनी. खरं नाव सुनील, पण त्याच्या आईखेरीज तसं कुणी म्हणायचं नाही. लंडनजवळच्या पिनरला जन्मलेला, पिनरलाच वाढलेला, तिशीच्या आतला. कॉलेजनं त्याला खेळ शिकवायला तासांवर ठेवलेला. टर्म संपली की काम संपलं. पण फुटबॉलचा संघ त्यानं उभा केला. अकाउंटन्सीची चार गुजराती पोरं, एक वेल्श गोलकीपर, पराग, आणखी कोण कोण. मिनीबस तोच चालवायचा. चिखलाचे शर्ट लाँडरेटमध्ये तोच घेऊन जायचा. लाइन्समन व्हायला कुणी तयार होईना तेव्हा झेंडा त्यानं माझ्या हातात दिला. “ऑफसाइड कळते ना तुला? मग हे घे.” मुलगी आहे, जमेल का, हा प्रश्न त्याच्या चेहऱ्यावरही आला नाही. मागं उभ्या असलेल्या सगळ्यांच्या चेहऱ्यांवर होता, अण्णांच्यासुद्धा.

सनीची मराठी हा एक वेगळाच खेळ होता. आई मराठीत बोलायची, हा इंग्रजीत उत्तर द्यायचा, असं त्याचं बालपण गेलं. कॉलेजात आम्ही मराठी पोरं भेटलो तेव्हा त्यानं ठरवलं की आता बोलायचंच. त्याचा बॉल कधी ‘तो’ असायचा, कधी ‘ती’. “पराग, सोड ना तिला! का चिकटून बसलास?” असं मैदानभर घुमलं की आम्ही दोघं-तिघं पोट धरून हसायचो आणि वेल्श गोलकीपर विचारायचा, काय म्हणाला? पण तो लाजायचा नाही. चुकायचा, हसायचा, पुन्हा बोलायचा. आणि त्याच्या मराठीत ‘आपण’ हा शब्दच नव्हता. इंग्रजीत एकच ‘वी’, तसं त्याचं एकच ‘आम्ही’. मध्यंतरात परागला आणि मला जवळ घेऊन सांगायचा, “आम्ही आता घाई नाही करायची. आम्ही बॉल ठेवायची आमच्याकडे, ओके?” त्या ‘आम्ही’त पराग होता, मी होते, संत्र्याच्या फोडीसुद्धा होत्या.

त्या वर्षी कॉलेजात सप्टेंबरपासून पूर्णवेळ जागा निघणार होती. ती सनीची, असं सगळे धरून चालले होते. तोही. तासांवरच्या माणसाला एक पक्की जागा म्हणजे काय असतं ते ज्याच्या बापानं पाळ्या केल्या त्याला विचारा.

मार्चमध्ये कपची सेमी-फायनल आम्ही हरलो. ज्या मोठ्या कॉलेजकडून हरलो, त्यांचा एक उंच, उंटाच्या रंगाचा कोट घातलेला माणूस मॅच संपल्यावर सनीजवळ आला, त्याच्या खांद्यावर हात ठेवून बराच वेळ बोलला. बस्स. एवढ्यावर पुढच्या बुधवारी माझ्या पाठीमागं कोर्ट भरलं. मला वळता यायचं नाही, लाइनवर नजर ठेवायची होती. पण कान कुठं बांधून ठेवणार?

“चालला तो. कोट बघितला न्हाई काय?” हे अण्णा.

“त्यांच्याकडे इनडोअर हॉल आहे, अंकल. मी असतो तर गेलो असतो,” एक अकाउंटन्सीवाला.

“म्हणून तर तू अकाउंटंट होणार,” दुसरा.

“पण पोरांना मधेच सोडून जायचं म्हणजे...” डॉक्टरांचा आवाज. “निष्ठा म्हणून काही चीज असते.”

“तालीम बदलणारा माणूस कुणाचाच नसतोय,” अण्णांनी निकाल दिला आणि चपातीचा घास घेतला.

मला ओरडावंसं वाटलं, की अरे, तुम्ही त्याला काय दिलंय? पण तेवढ्यात आमचा विंगर पुढं पळाला आणि मला झेंडा वर करावा लागला. माझ्याच संघाला ऑफसाइड दिला म्हणून अण्णांनी मलाही फितूर ठरवलं.

मग पाडवा आला. महाराष्ट्र मंडळानं शनिवारी एका शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. फरशीला पॉलिशचा वास, भिंतीवर चढायच्या दोऱ्या गुंडाळून बांधलेल्या, आणि गुढी बॅडमिंटनच्या खांबाला. श्रीखंड झालं, गाणी झाली, आणि कुणीतरी म्हणालं, अरे, आपला कोच आलाय, दोन शब्द बोलू दे की. सनीच्या हातात माइक दिला. तो घामाघूम. पण बोलला, आणि सगळं मराठीत बोलला. “सगळ्यांना हॅपी पाडवा. माझा आई खूप खुश होईल मी मराठी बोलतो म्हणून.” हशा. “यावर्षी कप गेली. सॉरी.” पुन्हा हशा. मग तो थांबला, श्वास घेतला आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाला, “पण आम्ही पुढच्या वर्षी कप आणणार. नक्की आणणार. प्रॉमिस.”

हॉल गप्प झाला. एखादी टाळी वाजली ती मधेच थांबली. मी वाजवत होते ती.

“ऐकलंत?” डॉक्टर आमच्या टेबलाशी वाकून म्हणाले. “आम्ही म्हणाला.”

“मग?” मी म्हणाले.

“आपण नाही म्हणाला. आपण म्हणजे तुम्हीआम्ही सगळे. आम्ही म्हणजे तुम्ही सोडून. इतकी नेमकी सोय इंग्रजीत नाही, मराठीत आहे. आम्ही कप आणणार, म्हणजे तो आणि त्याची नवी मंडळी. जाहीरच केलं की त्यानं!”

“बाबा, ते फक्त वी आहे,” पराग म्हणाला. “तो ऑलवेज तसंच म्हणतो.”

“तू गप्प बस. तुझी मराठी आणखी दिव्य आहे.”

“डॉक्टर,” मी म्हणाले, “मी ‘आलो’ म्हटल्यावर मी पुरुष होत नाही. मग तो ‘आम्ही’ म्हटल्यावर परका कसा होतो?”

डॉक्टर हसले. लहान मूल काहीतरी हुशारीचं बोललं की हसतात तसे. मग मी अण्णांकडं वळले. “अण्णा, तुम्ही तर एकटे असला तरी म्हणता, आम्ही जेवलो, आम्ही झोपतो. तुम्ही सांगा की.”

“आमचं येगळं,” अण्णा म्हणाले.

आजही हे लिहिताना हसू येतं आणि पाठोपाठ कानशिलं तापतात. ज्या भाषेत त्यानं धडपडत, जीव तोडून शब्द जुळवले, त्याच भाषेचा फास करून त्याच्या गळ्यात घातला. इंग्रजीत बोलला असता तर सुटला असता. दरवर्षी याच हॉलमध्ये भाषणं व्हायची, की पुढची पिढी मराठी बोलत नाही हो. बोलली की काय होतं ते मी पाहिलं.

पुढच्या बुधवारी सीझनची शेवटची मॅच. ऊन होतं, पोरांनी कोट काढून गोलमागं ढीग केला होता. आमची मंडळी ओळीनं उभी, पण सनी मिनीबसमधून उतरला तेव्हा कुणी हात केला नाही. मंडळातून बातमी फॅक्टरीत गेली होती, फॅक्टरीतून पोरांत आली होती, आणि पोरांना आम्ही-आपण काही माहीत नव्हतं, एवढंच कळलेलं की स्वतःच्या तोंडानं सांगितलंय, जाणार म्हणून. त्यानं पहिला बदली खेळाडू उतरवला आणि मागून हुर्यो उडाली. त्यात एक आवाज मी अंधारातही ओळखला असता. त्या आवाजानं मला सायकल शिकवली होती.

सनीनं वळून पाहिलं, त्याला वाटलं रेफ्रीला म्हणतायत. त्यानंही रेफ्रीकडं बघून मान हलवली.

मध्यंतरानंतर खेळाच्या डिपार्टमेंटचा हेड मैदानावर आला. एरवी कधी यायचा नाही. डॉक्टरांच्या खुर्चीजवळ उभा राहिला आणि सहज विचारावं तसं विचारलं, सनी जाणार असं कानावर येतंय, खरं आहे का? डॉक्टर उठून उभे राहिले, शालीची घडी घातली आणि त्यांच्या सुंदर इंग्रजीत म्हणाले, “त्यानं जाहीर सभेत सांगितलंय. आमच्या स्वतःच्या भाषेत.”

मॅच संपताच मी झेंडा घेऊन हेडच्या मागं धावले. सांगितलं, की हे खरं नाही, त्या वाक्याचा अर्थ तसा नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “तू फार लॉयल आहेस. पण त्या गृहस्थांना भाषा येत असणारच ना?”

“मलाही येते.”

“हो, हो. पण ते डॉक्टर आहेत.”

मी तिथं झेंडा हातात घेऊन उभी. मला भाषा येत होती, ऑफसाइड येत होता, दोन महिन्यांत डिग्री येणार होती. माणसाकडं काय काय असून उपयोग नसतो, हे मला त्या दिवशी कळलं.

गोलची जाळी काढायला सनी एकटाच थांबला होता. पराग आणि मी मदतीला गेलो. हुक सोडवता सोडवता मी विचारलं, त्या कोटवाल्यांनी खरंच बोलावलं होतं का?

“हो ना. फुल टाइम. मी नाही म्हणालो.” जाळी गुंडाळतच तो म्हणाला. “इकडे जॉब येतेय ना. अँड हे माझे पोरं आहेत.”

“मग सांगितलं का नाहीस कुणाला?”

तो थांबला. “सांगितलं की. पाडव्याला. माइकवर. मराठीत सांगितलं, सगळ्यांना नीट कळावं म्हणून.” मग जरा लाजून, “चांगला बोललो ना मी? सगळे किती शांत झाले.”

पराग माझ्याकडं बघायला लागला आणि मी जाळीकडं. शेवटी परागनंच त्याला सांगितलं, इंग्रजीत, शक्य तितक्या हळू. आपण आणि आम्ही. सनीनं दोन्ही शब्द एकदा स्वतःशी म्हणून पाहिले. “बट दे नो मी,” तो म्हणाला. “दे नो मी, राइट?”

दुसऱ्या दिवशी तो हेडकडं जाऊन आला. त्याला सभ्यपणे सांगण्यात आलं, की तुम्ही जाणार असं समजून आम्ही दुसऱ्याला शब्द दिलाय. कोटवाल्यांची जागाही तोवर भरली होती. जून संपला तसे त्याचे तास संपले. निरोप समारंभ झाला नाही, कारण फितुराला कुणी निरोप देत नाही. कुठल्याशा समुद्रकाठच्या गावात लेजर सेंटरच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवतो, असं परागकडून कळायचं. आईशी पुन्हा इंग्रजीतच बोलतो, असंही.

निष्ठेबद्दल माझं मत विचाराल तर ते लांबलचक नाही. ज्याची जागा पक्की, त्याला ही परीक्षा कुणी घालत नाही. डॉक्टर पुढं जास्त पगारावर दुसऱ्या हॉस्पिटलात गेले, मंडळानं त्यांचा सत्कार केला, प्रगती म्हणाले. अण्णांनी कोल्हापूर सोडलं, पेठ सोडली, तालीम सोडली, सात समुद्र ओलांडले. त्याला आम्ही पोटासाठी म्हणतो. तासांवरचा माणूस दुसऱ्याशी नुसता बोलला की गद्दार. माझ्या पदवीदानाच्या दिवशी अण्णा नवा ब्लेझर घालून आले होते, डोळे भरून माझ्याकडं बघत होते. मी म्हणाले, “अण्णा, सनी इथं असायला पाहिजे होता.” ते म्हणाले, “झालं की आता ते.” मी त्यांच्यावर जीव टाकते, आणि त्या वाक्याची मला अजून चीड येते. दोन्ही एकाच वेळी होतं, त्याला इलाज नाही.

गेल्या एप्रिलमध्ये अण्णांना घेऊन लेस्टरला बेलग्रेव्ह रोडवरच्या मिठाईच्या दुकानात गेले होते. रांगेत पुढंच डॉक्टर केळकर. रिटायर झालेले, केस सगळे पांढरे. आनंदानं हात हातात घेतला, नोकरीची चौकशी केली, परागचं सांगितलं. मग एकदम आठवून म्हणाले, “आणि तो तुमचा कोच गं, सनी! गेलाच ना शेवटी? म्हटलं नव्हतं मी?”

“गेला नाही, डॉक्टर,” मी म्हणाले. “घालवला. तुम्ही.”

त्यांचा हात माझ्या हातातून सुटला. अण्णांनी माझी बाही ओढली. “हळू बोल गं, लोकं बघाय लागल्यात.”

लोक बघत होते खरे, पण सगळे गुजराती. मराठी नीट कळणारं आमच्याखेरीज तिथं कुणी नव्हतं. म्हणून मी तेच पुन्हा एकदा इंग्रजीत सांगितलं.